मागचे शॉकअप पाच महिन्यांत गळाले: आखूड पार्ट व चुकीच्या बसवणीबाबत तक्रार

बेळगाव,
18 ऑगस्ट 2025

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व वॉरंटी विभाग,
इलेक्ट्रिक मालवाहू वाहने

विषय: तीन डिलिव्हरी व्हॅनचे मागचे सहा शॉकअप वॉरंटीत बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या तीन इलेक्ट्रिक व्हॅनचे (तिन्ही केए 22 पासिंग) मागचे सहा शॉकअप आपल्या बेळगावच्या अधिकृत वर्कशॉपने मार्चमध्ये बदलले. कारखान्यातून आलेल्या मूळ शॉकअपनी 41 हजार किलोमीटर काढले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. नव्या सहापैकी चार मात्र साडेनऊ हजार किलोमीटरच्या आत गळू लागले. वर्कशॉपने आधी ‘हा नुसता घाम आहे’ असे सांगितले, आणि तेल थेंबाथेंबाने खालच्या बुशवर (बोल्टभोकातल्या रबरी गादीवर) उतरल्यावर जॉबकार्डवर ‘ओव्हरलोड व खराब रस्ता’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारली. हा शेरा आम्हाला मान्य नाही. बसवलेला शॉकअप या गाडीच्या मापाचा नाही, तो आखूड आहे, आणि तो बसवतानाही चूक झाली आहे. दोन्ही गोष्टी मोजून दाखवता येतात.

आधी ओव्हरलोडबद्दल. गाडीत पार्सलचा माल असतो. खोकी हलकी आणि आकाराने मोठी, त्यामुळे वजन पुरे होण्याआधी जागा संपते. आपल्या कागदावर 600 किलो भार मंजूर आहे. वजनकाट्याच्या ज्या 11 पावत्या सोबत जोडल्या आहेत त्यांत सगळ्यात जड फेरी 430 किलोची आहे. पावत्या नकोत म्हटले तरी गाडी स्वतः साक्ष देते. ओव्हरलोड झालेल्या गाडीचा अ‍ॅक्सल वर येऊन बंपस्टॉपच्या रबरावर आपटतो, रबर चेपते, कडेने फाटते. आमच्या तिन्ही गाड्यांच्या बंपस्टॉपवर साच्याची बारीक रेघ अजून उठून दिसते. पाट्यांची (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांची) कमानही तिन्ही गाड्यांत दोन्ही बाजूंना सारखी आहे. मुळात भार पेलण्याचे काम पाट्यांचे. शॉकअपचे काम पाट्यांची उसळी जिरवण्याचे. त्यामुळे ओव्हरलोड खरोखर असता तर त्याच्या खुणा पाट्यांवर आणि बंपस्टॉपवर आधी दिसल्या असत्या.

आता मुख्य मुद्दा. उद्यमबाग, मच्छे किंवा उचगाव-बाचीकडे माल भरून जाताना मागून आवाज जवळजवळ येत नाही. माल उतरवून रिकामी गाडी परत येताना प्रत्येक गतिरोधकावर ‘ठक्’ असा आवाज येतो, आणि तो चाक गतिरोधकावर चढताना येत नाही, उतरताना येतो. या गाडीला इंजिनाचा आवाज नसल्याने तो पहिल्याच आठवड्यात कानावर आला आणि तेव्हाच वर्कशॉपला कळवला होता. ओव्हरलोडने त्रास होत असता तर भरलेल्या गाडीत जास्त व्हायला हवा होता. इथे उलट होते. चाक खाली पडताना शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतल्या आत आपटतो आहे, याचीच ही खूण आहे.

म्हणून एका गाडीचे शॉकअप उतरवून मापे घेतली. मूळ शॉकअप पूर्ण ताणून वरच्या बोल्टभोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत 462 मिलिमीटर भरतो. मार्चमध्ये बसवलेला 446 भरतो. शॉकअप काढून अ‍ॅक्सल पाट्यांवर मोकळा सोडला की गाडीवरच्या दोन भोकांतले अंतर 455 येते. म्हणजे मूळ शॉकअपला 7 मिलिमीटर सूट राहते आणि नवा 9 मिलिमीटर कमी पडतो. अ‍ॅक्सल खाली जाताना त्याला पाट्यांनी अडवायचे. आज तो शॉकअपच्या पिस्टनने अडवला जातो. त्यात या गाडीची मोटर आणि गिअर अ‍ॅक्सलवरच बसवलेले आहेत. स्प्रिंगखालचे वजन साध्या डिझेल व्हॅनपेक्षा जास्त, त्यामुळे चाक पडते तेव्हा हिसकाही जोरात बसतो. प्रत्येक हिसक्याला पिस्टन शॉकअपच्या वरच्या तोंडाशी असलेल्या गाइडवर आदळतो आणि तेल अडवणारे सील त्याच गाइडला लागून असते. डब्यावरच्या स्टिकरवर छापलेला पार्ट नंबर आणि जॉबकार्डवर लिहिलेला नंबर यांत शेवटचा आकडा वेगळा आहे. दोन्हींचे फोटो जोडले आहेत. वर्कशॉपला आपल्याच गोदामातून चुकीचा पार्ट गेला, की तिथेच चुकीचा डबा उचलला गेला, हे आपण शोधावे.

दुसरी चूक बसवणीची. उतरवलेल्या शॉकअपचा खालचा बुश कापून पाहिला. आतली लोखंडी नळी आणि रबर यांची पकड सुटली आहे, आणि रबर एकाच दिशेने पिळून फाटले आहे. गाडी उचललेली, अ‍ॅक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळायच्या मशीनने (गनने) पूर्ण आवळला की असेच होते. बोल्ट आवळताना आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते. मग गाडी चाकांवर उतरते, शॉकअपचा कोन बदलतो, आणि रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. पुढचा प्रत्येक खड्डा त्याला आणखी पीळ देतो. शिवाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, अ‍ॅक्सल पाट्यांवर किंचित वळतो, आणि शहरात हे दिवसातून शेकडो वेळा होते. बुश सैल पडला की शॉकअपच्या रॉडवर (आतबाहेर सरकणाऱ्या दांड्यावर) आडवा दाब येतो. आमच्या रॉडवर चकाकी एकाच बाजूला आली आहे, आणि सीलही त्याच बाजूने झिजले आहे.

याशिवाय मूळ शॉकअपवर रॉड झाकणारे रबरी कव्हर होते, नव्यावर नाही. जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर पावसाळ्यात तांबडा चिखल चाकातून थेट रॉडवर उडतो, वाळतो आणि रॉड आत शिरताना सीलच्या ओठाला घासतो. रॉडवरून नख फिरवले तर तीन ठिकाणी अडकते. असा रॉड फडक्याने पुसून उपयोग नसतो. त्यावर नवे सीलही टिकत नाही.

शॉकअप निकामी झाला हे ओळखायला मागचा हौदा दाबून गाडी किती हलते ते पाहणे पुरेसे नाही, आणि वर्कशॉपने तेवढेच केले. पाट्यांच्या आपापसातल्या घर्षणाने रिकामी गाडी तशीही फार डुलत नाही. खराब रस्त्यावरून आल्याबरोबर दोन्ही शॉकअपना हात लावून पाहावे. चालू शॉकअप उसळी जिरवताना तापतो. आमच्या एका गाडीत डावा चांगला कोमट लागतो आणि उजवा गारच राहतो. त्याच बाजूच्या टायरवर हात फिरवला की उंचसखल झीज लागते. जोडी कायम एकत्र बदलायची असते, त्यामुळे गळणारे चारच नव्हे, सहाही बदलून हवे आहेत.

बदलताना काम आमच्यासमोर आणि पुढीलप्रमाणे व्हावे, ही विनंती आहे. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, चावी काढून बाजूला, 12 व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडलेली. बॅटरीच्या पेटीखाली किंवा मोटर-गिअरच्या अ‍ॅल्युमिनियम केसिंगखाली जॅक लावू नये. बॉडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यावी आणि अ‍ॅक्सलला आधार पाट्यांच्या बैठकीखाली, यू-बोल्टजवळ द्यावा. शॉकअप सुटला की अ‍ॅक्सल आणखी खाली जातो आणि ब्रेकचा पाइप व मोटरच्या नारिंगी (उच्च दाबाच्या) केबली ताणल्या जाऊ शकतात. म्हणून जॅक अ‍ॅक्सलखाली ठेवूनच बोल्ट काढावेत, आणि जुने शॉकअप निघाल्यावर त्या केबलींच्या क्लिपा एकेक करून पाहाव्यात. मार्चनंतर एका गाडीत एक क्लिप तुटलेली आम्हाला आढळली आहे. नवा शॉकअप डब्यात आडवा पडून राहिलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरते; बसवण्याआधी तो उभा धरून पूर्ण ताणावा, उलटा करून हळूहळू दाबावा, असे चार-पाच वेळा, मध्येच दाब सुटायचे थांबेपर्यंत. लॉकनट सर्व नवे, एकूण 12. बोल्ट आधी हातानेच बसवावेत. मग अ‍ॅक्सल जॅकने एवढा वर घ्यावा की बॉडी घोड्यांवरून जेमतेम सुटते, म्हणजे पाटे नेहमीच्या उंचीवर येतात. तेव्हाच टॉर्क पान्याने आपल्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळावे. गन चालणार नाही. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आमच्या मागण्या अशा: मूळ मापाचे, कव्हर असलेले सहा शॉकअप विनामूल्य, मार्चमध्ये घेतलेली मजुरी परत, झिजलेल्या दोन टायरची भरपाई, आणि नव्या जॉबकार्डवर पार्ट नंबर डब्यावरून पाहून लिहिलेला. जॉबकार्ड फक्त इंग्रजीत असते आणि इथे सही करणारे चालक मराठी आणि कन्नड वाचतात. निदान कामाचा तपशील आणि शेरा त्यांना वाचता येईल अशा भाषेत असावा. ‘ओव्हरलोड’ हा शब्द त्या कार्डवर आमच्यापैकी कोणालाही वाचून दाखवला गेला नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. प्रत्येकाची एकच गाडी आहे, ती मालक स्वतः चालवतो आणि घर त्यावर चालते, त्यामुळे ‘व्यापारी वापर’ म्हणून तक्रार फेटाळता येणार नाही, हे आपल्या कायदा विभागाने आधीच पाहून घ्यावे.

उतरवलेले दोन शॉकअप, कापलेला बुश आणि एक मूळ शॉकअप चिठ्ठी लावून जपून ठेवले आहेत. तेल पुसलेले नाही, चिखल झाडलेला नाही. आपला तपासनीस पाठवावा. वर्कशॉपमध्येच, तिन्ही शॉकअप शेजारी ठेवून, त्याच्या स्वतःच्या मोजपट्टीने मापे घेऊ द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
तिन्ही गाड्यांचे मालक

सोबत: जॉबकार्डच्या प्रती, वजनकाट्याच्या 11 पावत्या, फोटो, तसेच गाडी व चेसिस क्रमांकांचे वेगळे पान.