रिक्षात दोन जणांची जागा आहे

गोरेगाव, रविवार रात्र

प्रिय मृणाल,

तुझं पत्र परत परत वाचलं. तुमची वेताळ टेकडी वाचवायला ग्रुपवर सहाशे जण आणि सकाळी टेकडीवर सात डोकी, म्हणून तू पार खचलीस. मोबाइलवर हळहळणारी माणसं कधी घराबाहेर पडतात का, असं विचारलंयस. पडतात गं. मी पडले होते.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. आमच्या गोरेगावच्या आरे जंगलातली झाडं वाचवण्यासाठीच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडच्या जागेवर करवती चालू झाल्या. त्याआधी रविवारी तिथे मानवी साखळ्या व्हायच्या. त्यांचे फोटो मी कौतुकाने बघायचे, पण गेले एकदाही नव्हते. त्या रात्री मी ओटा पुसत होते आणि एक व्हिडिओ आला. सगळा काळोख, यंत्राची घरघर आणि मग झाड कोसळल्याचा आवाज. तीनदा पाहिला, चौघींना पाठवला, रडले. आणि पुन्हा ओटा पुसायला लागले.

नुसत्या संतापाने माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नाही, मृणाल. पडलं ते नंतर आलेल्या एका ओळीने. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "रिक्षा थांबवलीये, दोन जणांची जागा आहे." गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्या काकू! मी चपला घातल्या.

तिथे पोलिसांनी वाट अडवलेली, माणसांची ही गर्दी, हातोहाती मोबाइलचे टॉर्च. ज्याला विचारावं त्याला कुणीतरी ओळखीच्यानेच हाक मारलेली. पाड्यांवरच्या आदिवासींना मात्र मेसेजची गरज नव्हती. जंगल त्यांच्या दारातलं.

दुसऱ्या दिवशी जमावबंदी, २९ जणांना अटक. सोमवारी, कोर्टाला दसऱ्याची सुट्टी असताना, कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं गेली होती. तो आकडा आजही माझ्या घशात अडकतो. आपण सगळे आधीच्या रविवारी गेलो असतो तर, हा विचार पाठ सोडत नाही.

म्हणून सांगते, "सर्वांनी मोठ्या संख्येने यावे" असं लिहू नकोस. त्यात कुणालाच आपलं नाव दिसत नाही. नाव घेऊन विचार: "अमुक, मी पावणेसहाला तुझ्या फाटकाशी येते, चहा टेकडीवरून उतरल्यावर." रोज चौघांना विचार. आणि त्या सात जणांचा फोटो आजच टाक, चेहरे नीट दिसतील असा. शेजारचा माणूस त्यात दिसला की पुढच्या वेळी घरी बसवत नाही.

शनिवारी रात्री मी पुण्यात येतेय. अंथरूण घालून ठेव आणि गजर पाचचा लाव.

तुझी,
शुभा