टीव्हीवाल्या काकांना, एसएमपीएसचं लेबल वाचून दाखवल्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चपला शोधायला लागता, म्हणून हे लिहून काढतेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण घरातल्या काँप्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा आहे या साध्या प्रश्नाशी आमच्यासारखी बरीच मंडळी अडलेली असणार.

धाकटीला ब्लेंडरच्या (थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) कामासाठी आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड हवं होतं. दुकानदाराने फोनवरच सांगून टाकलं, "मॅडम, एसएमपीएस पण बदला, साडेसहाशेचा घ्या." आत कोणता आहे, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हालाही सांगता आलं नसतं. बिलावर नुसतं 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' एवढंच. लेकीने टास्क मॅनेजर उघडला, सिस्टम इन्फर्मेशन उघडलं. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क कुठली, सगळी कुंडली निघाली. एसएमपीएसचं मात्र नावही नाही.

ते तिथे का सापडणार नाही, हे तुमच्याकडूनच कळलं. साध्या एसएमपीएसकडून मदरबोर्डला (सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पाटीला) माहिती अशी एकच जाते, ती करड्या वायरने: पॉवर ठीक आहे, चालू व्हायला हरकत नाही. आपण किती वॅटचे, हे सांगायची सोयच त्यात नसते. म्हणजे सॉफ्टवेअर कितीही उतरवून घेतली तरी उपयोग शून्य; पत्रा उघडा आणि लेबल वाचा.

आमचं लेबल नेमकं आतल्या पत्र्याकडे तोंड करून बसलेलं. तुम्ही आधी भिंतीवरची पिन काढायला लावलीत, मग मागचे चार स्क्रू काढून तो डबा आत सरकवलात आणि पंजावर तिरका धरलात. धुळीने माखलेलं लेबल धाकटीने फडक्याने पुसलं. वर ठळक '४५०' छापलेलं, पण त्यापुढे वॅटचा 'डब्ल्यू' नाही! तुम्ही हसलात. म्हणालात, "हा मॉडेल नंबर आहे गं. खालचा तक्ता वाच."

त्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली १८ अँपिअर लिहिलं होतं. व्होल्ट गुणिले अँपिअर, हे शाळेत शिकलेलं गणित. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जगतात ते मुख्यतः याच ओळीवर, ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींत अँपिअर भरपूर दाखवले तरी कार्डाला त्याचा फायदा नाही. आमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, तोही ताण आला की त्याहून वर जाणारा, आणि कार्ड १७० वॅटचं. बेरीज २३५. पंखे, हार्ड डिस्क अजून धरलेच नव्हते. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेत आणि पेन्सिल ठेवून दिलीत. पुढे काही बोलायची गरजच उरली नाही.

म्हणजे एसएमपीएस बदला हे दुकानदाराचं म्हणणं बरोबरच निघालं. पण साडेसहाशेचा कशाला? कार्डाची कंपनी ५५० सुचवते, आणि त्यातही १२ व्होल्टची ओळ बघून घ्यायची, हे तुमचं सांगणं. नव्या ५५०च्या लेबलावर १२ व्होल्टला ४५ अँपिअर आहे, म्हणजे ५४० वॅट. जवळपास सगळा जोर जिथे लागतो तिथेच. जुन्याला कार्डाला लागणारा आठ पिनचा प्लगच नव्हता, तेव्हा कन्व्हर्टर लावून काम भागवायची धाकटीची कल्पना तुम्ही जागच्या जागी मोडून काढलीत, तेही बरं झालं. मदरबोर्डवर कार्ड ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात, उरलेला भार त्या बारीक वायरींवर आला असता.

आमच्या ह्यांना वेगळीच काळजी: ५५०चा बसवला की लाइट बिल चढणार. तुम्ही म्हणालात, टाकी मोठी बसवली म्हणून कुणी दोनदा आंघोळ करत नाही. काँप्युटरला २०० वॅट लागले तर एसएमपीएस तेवढेच देणार. हां, भिंतीतून थोडे जास्त ओढले जातात. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर २५०. त्यामुळे मीटर लावून मोजलं तरी तो या घडीचा खर्च कळतो, एसएमपीएसची ताकद नाही. यूपीएसकडे मात्र बघायला हवं, हे तुम्ही जाता जाता म्हणालात आणि तेच खरं ठरलं. आमचा ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर), म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट. मॉनिटर धरून तो काठावर येतोय. ते पुढच्या महिन्यात.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण घराघरांत उत्साही पोरं आहेत. डब्याची जाळी काढून पंखा साफ करावा म्हणून धाकटीने स्क्रूड्रायव्हर लावला तेव्हा तुम्ही तिचा हात धरलात. २३० व्होल्टची लाइन आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन कपॅसिटरमध्ये साठते आणि पिन काढली तरी काही वेळ तिथेच राहू शकते. कलर टीव्ही दुरुस्त करताना त्याचा झटका खाल्लेला माणूस सांगतोय म्हटल्यावर तिने मुकाट्याने ऐकलं. माझं ऐकलं नसतं.

पैशांचं विचारलं तर रागावलात, म्हणून तो विषय इथेही काढत नाही. जुना एसएमपीएस तुम्ही सुट्या भागांसाठी मागितला होता, तो रविवारी पाठवते. आणि हो, नव्याच्या लेबलाचा फोटो बसवायच्या आधीच काढून बिलाला जोडून ठेवलाय.

आपली,
वरच्या मजल्यावरची शेजारीण