बाई, तुम्ही पालाच्या तोंडाशी चपला काढल्यात

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही आणि वरून कोणी विचारलं तर उगाच तुमच्या डोक्याला ताप नको. पण आमच्या पालांवरच्या, म्हणजे तंबूंच्या वस्तीतल्या, प्रत्येकाला कळेल हे कोणाला लिहिलंय ते. निवडणूक होऊन बरेच दिवस झाले तरी तुमचा विषय निघाला की आजीचे डोळे भरून येतात, खरं सांगते माझेही येतात, म्हणून आता लिहूनच टाकते.

तुमच्या आधी काय काय झालं तेही सांगते, वाचणाऱ्यांना कळू दे. मतदार यादीत नाव घालायला ऑफिसात गेलं की पहिला प्रश्न, लाईट बिल आहे का? पालाला मीटर कुठून येणार? मग घरपट्टीची पावती, मग भाडेकरार, मग अमुक दाखला, आणि शेवटी "तुमचं काय, आज इथे उद्या तिथे" असं म्हणून अर्ज परत आमच्याकडे सरकवायचा. माझे वडील त्या टेबलासमोर हात जोडून उभे असायचे ते मी बघितलंय. आणि ज्या पुढाऱ्यांना सभेला गर्दी पाहिजे म्हणून आमची माणसं ट्रॅक्टरमध्ये भरून न्यायला चालायची त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही की बाबांनो, यादीत नावं तरी आहेत का तुमची.

तुम्ही आमच्या धाकट्याच्या वर्गशिक्षिका, बीएलओची, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी तपासायची, ड्युटी लागली म्हणून यादी घेऊन फिरत होतात. तुम्ही सरळ सांगितलंत की ज्याला घर नाही त्याने यादीत नाव घालायच्या फॉर्म ६ मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची आणि बीएलओने रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, मग पत्त्याचा वेगळा कागद लागत नाही. हा नियम काही तुम्ही काढलेला नाही, निवडणूक आयोगाचाच आहे, आधीपासून आहे. त्या टेबलामागच्यांना तो माहीत नव्हता की आमच्यासाठी रात्रीचं बाहेर पडायचं नव्हतं, ते त्यांनाच ठाऊक.

तुम्ही मात्र बाहेर पडलात. दिवसभर शाळा, मग पोषण आहाराचा हिशोब, मग घरचं सगळं, आणि त्यानंतर पावसाची भुरभुर चालू असताना मोबाईलचा टॉर्च लावून चिखलातून आमच्या पालांवर. कुत्री भुंकायला लागली तशी आजी दचकून उठली आणि भावाला तिने मागे ओढलं, कारण रात्री पालावर कोणी आलं म्हणजे पोलीस आले असंच आमची माणसं धरून चालतात. चोरी कुठेही होवो, उठवायचं आम्हाला.

आणि तुम्ही आमच्या पालाच्या तोंडाशी आलात, वाकलात आणि चपला काढल्यात. आत फरशी नाही काही नाही, गोणपाट अंथरलेलं, तेही कडेने ओलं झालेलं. तुम्ही चपला एका बाजूला नीट लावून ठेवल्यात आणि विचारलंत, "येऊ का आत?"

बाई, तुम्हाला हे आठवतही नसेल. कोणाच्याही घरात जाताना तुम्ही हेच करत असाल. पण माझ्या आठवणीत आमच्या पालात आलेला एकही सरकारी माणूस पायातलं काढून आत आलेला नाही, सर्वेवाले नाही, चौकशीवाले तर नाहीच, बूट थेट अंथरुणावर. आईने तुमच्या चपला उचलून आत घेतल्या, पावसात भिजतील म्हणून, आणि तुम्ही निघेपर्यंत त्या तिने जवळच ठेवल्या होत्या.

मग तुम्ही आजीला नाव विचारलंत आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, अमक्याची आई लिहा, तमक्याची बायको लिहा. तुम्ही म्हणालात, "थांबा, त्यांना सांगू द्या." आजीला वेळ लागला. तुम्ही पेन धरून थांबलात, तिने सांगितलं ते लिहिलंत आणि तिला वाचून दाखवलंत. मी नंतर वाचलं की देशाच्या पहिल्या निवडणुकीत जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली होती कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी असंच सांगितलं होतं. तेव्हा मला कळलं तुम्ही का थांबला होतात.

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आमच्यासारख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आजीच्या वडिलांना रोज पोलिसांकडे हजेरी लावायला लागायची. देशभरातून तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे आमच्या घरातल्या माणसांची नावं सरकारने आधी लिहून घेतली ती पोलिसांच्या वहीत. मतदार यादीत आमच्या घरातलं पहिलं नाव तुम्ही लिहिलंत, आजीचं.

आमची तरणी पोरं तुम्हाला म्हणाली होती की मत देऊन काय होणार. तुम्ही भाषण दिलं नाहीत, एवढंच म्हणालात की यादीत नाव असलं तर निदान मत मागायला तरी पालापर्यंत येतील, आले की पाण्याचं विचारा, नळाचं विचारा. २० नोव्हेंबर २०२४ ला तीच पोरं सकाळी आंघोळी करून रांगेत पुढे उभी होती, कामावरचा खाडा करून. आजीला रांगेतल्या एका ताईंनी स्वतःहून पुढे घेतलं, ओळख ना पाळख. अशी माणसं असतात बाई, सगळीकडे असतात, फक्त आमच्या वाट्याला फार उशिरा आली. आजी डाव्या हाताच्या बोटावरची शाई नंतर किती दिवस जपत होती, भांडी घासताना ते बोट वर धरायची.

आता इकडचं सांगते. आमच्यातल्या दोन मुली सतरा पूर्ण झाल्यात, त्यांचे फॉर्म आधीच भरून ठेवलेत कारण अठरा पूर्ण झाली का ते बघायला आता वर्षातून चार तारखा असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची एक तारीख. भरायला मीच बसते. पलीकडच्या गावाबाहेर उतरलेल्या पालांवरही मी जाऊन आले, तिथे एकाचंही नाव यादीत नाही आणि तिथले बीएलओ रात्री यायला तयार नाहीत, असा नियमच नाही म्हणतात. तुमचा नंबर त्यांना देऊ का? तुम्ही एकदा बोललात तर ते येतील असं मला वाटतं.

तुमची,
पालावरची