माटुंग्याच्या टॅक्सीवाल्या काकांना, वायपरच्या फ्यूजबद्दल

काका, नमस्कार.

तुम्हाला मी आठवत असेन की नाही माहीत नाही, पण जुलैमधला तो रविवार, रात्रीचे नऊ-सव्वानऊ, महेश्वरी उद्यानाच्या अलीकडे चारी इंडिकेटर लावून उभी असलेली पांढरी गाडी, आत माझी आई आणि मावशी, मांडीवर बारशाच्या पेढ्यांचे डबे, आणि बाहेर अर्धी भिजलेली मी. नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या मुलाने नाहीतर स्टँडवरच्या कोणी वाचलं तर पोचेल तुमच्यापर्यंत.

गिरगावातून मुलुंडला परत निघालो होतो. लालबागचा पूल उतरेपर्यंत वायपर कुरकुरत का होईना चालत होते, हिंदमाताला नेहमीसारखं खाली पाणी म्हणून वरून पुलावरून आलो, दादर टीटीला सिग्नलला पाऊस एकदम असा वाढला की मी वायपर फुल स्पीडला टाकले आणि किंग्ज सर्कल यायच्या आत दोन्ही वायपर काचेच्या मधोमध येऊन थांबले. म्हणजे खालीही नाही आणि वरही नाही, डोळ्यासमोर आडवे. समोरची बस म्हणजे नुसता लाल डाग. मागून आईने लगेच २६ जुलै २००५ काढली, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता आणि मी ऑफिसातून चालत कशी आले होते वगैरे, तिला तो आकडा तोंडपाठ आहे आणि दर पावसाळ्यात आम्हाला तो एकदा तरी ऐकावा लागतोच.

कशीबशी गाडी साइडला घेतली. तुम्ही टपरीवर कटिंग पीत उभे होतात. मी मदत मागितलीसुद्धा नव्हती, फक्त बॉनेट कसं उघडायचं ते विसरल्यासारखी गाडीभोवती फिरत होते. तुम्ही ग्लास ठेवलात आणि आलात.

पहिला प्रश्न तुम्ही विचारलात तो मला अजून लक्षात आहे. "ताई, काचेवर पाणी मारायचं बटण दाबून बघा." मी म्हटलं अहो काका पाऊसच पडतोय की. तुम्ही म्हणालात दाबा तर खरं. दाबलं, काहीच नाही, मोटरचा तो घुर्र आवाजसुद्धा नाही. हॉर्न वाजतोय, हेडलाइट आहेत, एसी चालू आहे. मग तुम्ही सांगितलंत की वायपरची मोटर वेगळी, पाणी मारायची मोटर वेगळी, दोन मोटरी एकाच मिनिटाला कशाला मरतील, बऱ्याच गाड्यांत या दोघांना फ्यूज मात्र एकच असतो, तेव्हा आधी तो बघायचा. मी आठ वर्षं गाडी चालवतेय आणि हे एवढं साधं गणित मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर मीच कधी विचारलं नव्हतं.

किल्ली बंद करायला लावलीत. स्टिअरिंगच्या खाली उजव्या गुडघ्याजवळचं झाकण मला उघडायला लावलंत, मी इतकी वर्षं ते पार्किंगच्या चिल्लरसाठी असतं असं समजत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला तो तक्ता, मुंगीएवढी अक्षरं आणि त्याहून बारीक चित्रं. मोबाईलचा टॉर्च लावला तरी दिसेना, शेवटी आईने मागून तिचा वाचायचा चष्मा पुढे केला आणि मी तो लावून, पाय बाहेर पावसात आणि डोकं डॅशबोर्डखाली, अशा अवस्थेत वायपरचं चित्र शोधलं. आणि तरी पहिला फ्यूज चुकीचाच उपटला, घड्याळ शून्यावर गेलं. झाकण उलटं धरलं होतं! तुम्ही हसला नाहीत. मावशी हसली.

फ्यूज काढायला छोटा प्लॅस्टिकचा चिमटा त्या डब्यातच असतो म्हणालात, आमच्या गाडीत त्याची फक्त जागा होती. मी पर्समधला भुवयांचा प्लकर काढला तर तुम्ही हात आडवा केलात, लोखंडी नको, किल्ली बंद असली तरी काही फ्यूजना करंट असतोच, चुकून कुठे टेकला तर चांगला फ्यूजपण उडेल. आणि टॅक्सीत जाऊन टॉवेल वाळत टाकायचा निळा प्लॅस्टिकचा चिमटा घेऊन आलात. त्याने बरोब्बर निघाला.

२० अँपिअरचा, पिवळा. टॉर्चसमोर धरलात तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत एक वाकडी पट्टी असते, आणि आपली मधोमध तुटून बाजूला काळी पडली होती. एवढंच. एवढ्याशा पट्टीसाठी तीन बायका रस्त्यात.

आता इथे मला जे खरं सांगायचंय ते. माझ्याकडे फ्यूज होता. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक हिरवा पडला होता, मे महिन्यात हेच वायपर असेच बंद पडले होते तेव्हा एका गॅरेजवाल्याने नवीन फ्यूज टाकून दिला होता आणि वर हा जास्तीचा हातावर ठेवून म्हणाला होता की परत उडाला तर हा टाका मॅडम, मग कधीच उडणार नाही. मी खूश होऊन तो तुम्हाला दाखवला. तुम्ही टॉर्चमध्ये त्यावरचा ३० आकडा बघितलात आणि मला परत दिलात, आणि म्हणालात, "ताई, फ्यूज वायपरसाठी नसतो, वायरसाठी असतो."

मला कळलं नाही, तसं माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण मग तुम्ही पावसात उभं राहून समजावलंत. वायर जेवढा करंट झेपवते त्या हिशोबाने कंपनी फ्यूज ठरवते. काहीतरी अडकलं, करंट वाढला, की वायर तापायच्या आत पट्टी वितळायला पाहिजे. २० च्या जागी ३० टाकला की पट्टी निवांत बसते आणि तापते ती वायर, डॅशबोर्डच्या आत, जिथे आपल्याला दिसत नाही. "कधीच उडणार नाही" हे त्या गॅरेजवाल्याचं अगदी खरं होतं म्हणजे. फ्यूज नसता उडाला.

मग तुमच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची, पद्मिनीची गोष्ट निघाली. तिच्यातले फ्यूज असे चपटे रंगीत नव्हते, खडूच्या तुकड्याएवढे चिनी मातीचे, दोन्ही टोकांना निमुळते, वरून उघडी पट्टी, पावसाळ्यात गंजायचे आणि नुसतं बोटाने फिरवलं तरी पुन्हा लागायचे. आणि उडाला की पोरं सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायची, तुमच्या एका दोस्ताच्या गाडीतून भायखळ्याला भर दुपारी डॅशबोर्डमधून धूर निघालेला तुम्ही डोळ्यांनी बघितलाय, पॅसेंजर आत असताना. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमाने रस्त्यावरून गेल्या तेव्हा पेपरात सगळ्यांनी गळे काढले, मीपण स्टेटस ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात गाडी चांगली होती पण स्टिअरिंगने खांदे गेले.

हे सांगता सांगता तुम्ही चुन्याची डबी उघडलीत. मला वाटलं तंबाखू मळणार. डबीत फ्यूज! लाल, निळे, पिवळे, पांढरा एक. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, पांढरा पंचवीसचा, हे मी तेव्हाच पाठ केलं. पिवळा काढून बसवलात. मी आनंदाने किल्ली फिरवायला गेले तर परत हात आडवा.

"थांबा. का उडाला ते बघू आधी."

मला खरंच वाटलं होतं की फ्यूज उडणं हाच बिघाड. तुम्ही म्हणालात, मे महिन्यात एक उडाला, जुलैत दुसरा, म्हणजे आत कारण बसलेलं आहे आणि मी दिलेला हा तिसरासुद्धा ते खाणार. बॉनेट उघडलंत, आणि काचेच्या पायथ्याशी जी काळी जाळी असते तिथे वायपरच्या बुडाशी बोटं घालून जे बाहेर काढलंत ते बघून मला लाज वाटली हो. आमच्या बिल्डिंगच्या खाली रेन ट्री आहे, सावली मिळते म्हणून मी भांडून ती पार्किंगची जागा घेतलीय, त्याची दोन वर्षांची पानं आणि त्या चिकट शेंगा, सगळं भिजून लापशी. वायपरचे दांडे त्यात रुतून फिरत होते. म्हणून ते कुरकुरणं. मोटर जोर लावत होती, अडली की करंट वाढत होता, आणि फुल स्पीड टाकल्यावर फ्यूजने आपलं काम केलं. मूठ-मूठ करत तुम्ही पाच-सहा वेळा काढलंत, मी फक्त छत्री धरली, तीपण बहुतेक माझ्याच डोक्यावर. वायपरचे हात हाताने हलवून बघितलेत, मोकळे आहेत म्हटल्यावर मग कुठे म्हणालात, मारा आता किल्ली.

फिरले! आई मागून "मोरया" म्हणाली, मावशीने टाळ्या वाजवल्या, गणपतीला अजून दीड महिना होता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. फ्यूजचे तरी घ्या म्हटलं तर म्हणालात की वडापावएवढापण नसतो तो, घेऊन काय करू. आईने डबा पुढे केला तर एक पेढा घेतलात, बारसं कुणाचं, मुलगी की मुलगा, नाव काय ठेवलं एवढं विचारलंत आणि टपरीवर परत. तुमची कटिंग गार झाली असणार.

त्यानंतरचं सांगते. पुढच्या शनिवारी मी कुर्ल्याला सीएसटी रोडला गेले, तिथे त्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानदाराला मी "वीसचे पिवळे चार, पंधराचे निळे चार, दहाचे लाल चार" असं सांगितलं तेव्हा त्याने मान वर करून बघितलं, मला फार बरं वाटलं. तो चिनी मातीवालाही विचारला, मिळाला नाही. फ्यूज चुन्याच्या डबीतच ठेवलेत, आमच्याकडे चुना कोणी खात नाही, डबी शेजारच्या आजोबांकडून मागून आणली. हिरवा तीसचा कचऱ्यात टाकला. दर रविवारी जाळीतली पानं काढते, मुलगा म्हणतो आई गाडीच्या कानातला मळ काढतेय. जागा बदलली नाही, सावली सोडवत नाही. तुम्ही दिलेला पिवळा अजून तोच आहे, पूर्ण पावसाळा काढला त्याने.

स्टँडवर दोनदा येऊन गेले. एकदा तुम्ही भाडं घेऊन एअरपोर्टला गेला होतात म्हणे, एकदा गावी साताऱ्याला. टपरीवाल्याला ओळख सांगितली, तो म्हणाला हां हां, डबीवाले. त्याच्याकडे पेढे ठेवले होते पण त्याच्या चेहऱ्यावरून मला काही ते पोचल्याची खात्री नाही.

आणि तुमचा निळा चिमटा माझ्याकडेच राहिलाय काका. गडबडीत मी तो ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकला आणि मुलुंडला पोचल्यावर दिसला. या रविवारी संध्याकाळी परत येतेय, सातच्या सुमाराला, टपरीशी थांबते. टॉवेल तोपर्यंत कशाला तरी अडकवा.