कॅसल्स हरले, आणि मावशी एक तारखेपासून येताहेत

वॉशिंग्टन, ऑगस्ट 2016

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, तुमचा प्रश्न आधी संपवते. होय, वर्ल्ड टीम टेनिस लीगमधली आपली टीम, वॉशिंग्टन कॅसल्स, यंदा अंतिम फेरीत नाही. 2011 ते 2015 सलग पाच विजेतेपदं, आणि आता महिनाअखेरीस न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला सॅन डिएगो आणि ऑरेंज काउंटी खेळणार. आधीच रिओ ऑलिंपिकमध्ये लिअँडर-बोपण्णा पहिल्या फेरीत गारद, त्यात हे. त्या रात्री तुम्ही ताक पिऊन झोपलात म्हणे. एवढंही मनाला लावून घेऊ नका हो.

2011 ला तुम्ही इथं आला होतात ते सारखं आठवतंय. पाण्याकाठचं ते तात्पुरतं स्टेडियम आणि रंगीत कोर्ट बघून आई म्हणाली होती, "ही गोधडी कोणी अंथरली?" त्या मोसमात टीम एकही सामना हरली नाही आणि बाबांनी सगळं श्रेय स्वतःच्या पायगुणाला दिलं. पुढच्या वर्षीही हार नाही. सलग 34 विजय, बास्केटबॉलमधल्या लेकर्सचा 33 चा विक्रम मोडून! 2013 मध्ये बोस्टननं हरवलं तेव्हा तुम्ही फोनवर गप्पच झाला होतात.

आता या लीगचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पाच सेट, प्रत्येक पाच गेमचा, आणि शेवटी सगळ्या गेमची बेरीज. एका सेटमध्ये 5-1 मार बसला की उरलेल्यांना घाम गाळून ते भरून काढावं लागतं. म्हणून तर कोच सेट चालू असतानाही खेळाडू बदलतो. भलेभले बाहेर बसतात आणि बाकावरून ओरडून बाकीच्यांना खेळवतात. त्यात कमीपणा कसला?

कळलं ना गाडी कुठं चाललीय? आईला सांभाळायला मदतीच्या मावशी एक तारखेपासून येताहेत, सकाळी आठ ते रात्री आठ. ठरलंय, पहिल्या महिन्याचे पैसेही दिलेत, दादाशीही बोलून झालंय. आई पडल्यापासून बाबा, तुम्ही एकटे सगळे सेट खेळताय. परकं माणूस घरात नको, हे मला कळतं. नानांच्या वेळचं मीही विसरले नाहीये. पण शेजारच्या काकूंकडे याच बाई होत्या, आणि काकू कोणाचं सहजासहजी कौतुक करत नाहीत. मी स्वतः येऊन राहिले असते तर हे लागलंच नसतं, असं म्हणाल. पण मी आले तरी किती दिवस पुरणार?

आई, तुझं काही जात नाही. सकाळचा चहा तूच करायचास. मसाल्याच्या डब्याला त्या हात लावणार नाहीत, मी बजावलंय. देवघर तुझंच. तुला धरून बाल्कनीत नेतील, अंघोळीला जवळ थांबतील, बस्स. मला ताप आला की तू रात्रभर कपाळावर घड्या बदलायचीस, आणि बाबा दारात उभे राहून "किती आहे?" एवढंच विचारायचे. मग सकाळी स्कूटरवर पुढं उभं करून डेक्कनवर टेनिस दाखवायला न्यायचे, डॉक्टरकडे नेतोय असं तुला सांगून. आता सांगायला हरकत नाही.

बरं, ऐका. बीपीची गोळी चहाआधी नाही, नाश्त्यानंतर. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला शनिवारी माणूस येईल, त्याला परत पाठवायचं नाही. माळ्यावरची गणपतीची आरास मावशी काढतील, बाबांनी स्टूलवर चढायचं नाही. यंदा मोदक बाहेरून, आणि त्यावर चर्चा नको. फोन रात्री चार्जिंगला लावा.

आणि बाबा, पहिल्याच दिवशी मावशींना टाय-ब्रेक समजावायला बसू नका. दुसऱ्या दिवशी चालेल.

तुमची,
बेबी