विश्वस्तांनी वेळेवर जागा रिकामी करावी

महोदय,

मुलांना नाटक, गाणे, चित्रकला शिकवणाऱ्या आपल्याकडच्या हौशी संस्थांचा कारभार नोकरी-संसार सांभाळून, एक पैसाही न घेता काम करणारी मंडळी पाहतात. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. मीही अशा एका संस्थेचा बारा वर्षे चिटणीस होतो आणि, खरे सांगायचे तर, त्यांतली चार वर्षे जास्तच राहिलो. अडचण अशी की, विश्वस्त बदलल्यावर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 नुसार 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, तो राहून जातो, आणि मग कागदोपत्री जुनीच नावे राहिल्याने बँकेतील सह्या बदलणेसुद्धा अडून बसते. त्यातून ‘तुम्हीच राहा’ हा सोपा मार्ग निघतो. शिबिरांत घडलेली, आज पंचविशीत असलेली मुले पडदे बांधायला चालतात. बैठकीत मात्र त्यांना खुर्ची नसते. संस्थांनी आपल्या घटनेत विश्वस्तपदाच्या मुदतीची मर्यादा घालावी आणि किमान दोन जागा माजी विद्यार्थ्यांना द्याव्यात. पहिले वर्षभर त्यांना खजिनदार व लेखापरीक्षक यांच्याबरोबर हिशेबाला बसवावे.

– एक माजी चिटणीस, पुणे