ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या लायसनात मोजायच्या कधी?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गाळप हंगाम चालू झाला की तुमच्या पेपरात आठ-पंधरा दिवसाला तीच बातमी येते, ऊसाच्या ट्रॉलीला मागनं धडक, आणि खाली ठरलेली ओळ, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. ते खरंच आहे, रेडियम पट्टी लावायला काय सोनं लागत नाही. पण मला बोलायचंय ते ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराच्या खिशातल्या लायसनबद्दल, त्याच्यावर कोणच बोलत नाही.

मी जन्मभर ट्रक चालवला, सोलापूर-हैदराबाद, सोलापूर-पुणे. आमच्या वेळी आणि अजून पण, हेवीचं लायसन पाहिजे तर आधी लाईटचं काढा, ते वर्षभर जुनं होऊ द्या, वीस वर्षं पूर्ण करा, मग शिकाऊ, मग टेस्ट. आता माझा भाचा मोहोळच्या बाजूला कारखान्याला ऊस वाहतो, डबल ट्रॉली. लायसन कशाचं तर लाईटचं, टेस्ट दिली मित्राच्या कारवर. मी म्हणलं हे चालतं का रे, तर म्हणला मामा सगळ्यांचं असंच आहे. मला वाटलं थापा मारतोय, म्हणून ओळखीच्या वकिलाला विचारलं, तर पोरगं अगदीच खोटं बोलत नव्हतं.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात हलकं वाहन कशाला म्हणायचं ते लिहिलंय. ट्रक-टेम्पोचं वजन मालासकट धरतात, पण कार, ट्रॅक्टर, रोडरोलर यांचं नुसतं मोकळं वजन, आणि ते 7500 किलोच्या आत असलं की झालं लाईट. ट्रॅक्टर असतो दोन-अडीच टनाचा, म्हणजे तो कायमचा लाईटच. ट्रॉली कायद्यानं वेगळं वाहन, आणि 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका विम्याच्या केसमध्ये सांगितलंय की ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टर ड्रायव्हरचं लायसन बाद होत नाही. पुढं 6 नोव्हेंबर 2024 ला पाच जजच्या बेंचनं निकाल दिला की 7500 किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी लाईटच्या लायसनवर चालते, ट्रान्सपोर्टचा वेगळा शिक्का नको. हा निकाल मला पटलेला आहे, कारण छोटा हत्ती चालवणाऱ्याचा अपघात झाला की विमा कंपन्या शिक्का नाही म्हणून क्लेम अडवायच्या आणि घरचे वर्षानुवर्षं कोर्टात हेलपाटे घालायचे, ते थांबलं तर चांगलंच आहे.

पण डबल ट्रॉलीचं काय करायचं? दोन एक्सलच्या ट्रकला 2018 पासून मालासकट साडेअठरा टन मंजूर आहेत आणि तो चालवायला हेवी लागतं. इकडं दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस काट्यावर सहज उतरतो आणि तो ओढणारा गडी लाईटवाला. बरं ट्रकच्या सगळ्या चाकांना ब्रेक असतो, आमच्याकडच्या ट्रॉल्यांना बहुतेक नसतोच, पुढं दोन-अडीच टनाचा ट्रॅक्टर ब्रेक मारणार आणि मागचा माल त्याला ढकलत नेणार. पुलाच्या चढाला तर पुढची चाकं उचलतात, स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. हे कारच्या टेस्टमध्ये कुठं कळणार?

मागच्या हंगामात कारखान्याच्या यार्डात भाचा चहाला गेला तेव्हा लाईन पुढं सरकली, म्हणून मी बसलो ट्रॅक्टरवर. पुढं जाणं जमलं, पण जरा मागं घ्यायची वेळ आली तर पहिली ट्रॉली एकीकडं, दुसरी तिसरीकडंच, पाच मिनिटात सगळं आडवं. मागच्या टोळीतली बाया-पोरं हसायला लागली. हेवीवाला माणूस मी, घाम फुटला. शेवटी भाच्यानं मागची ट्रॉली सोडून पुन्हा जोडली.

शेजारच्यांचा मुलगा अमेरिकेत बांधकामावर आहे, कामाचा पिकअप आणि मागं ट्रेलरवर मशीन, तो फोनवर सांगत होता तिकडं कसं मोजतात. गाडी आणि ट्रेलरची मिळून क्षमता 26,001 पौंड, म्हणजे आपले पावणेबारा टनाच्या वर, आणि त्यात ट्रेलर 10,000 पौंडाच्या, साडेचार टनाच्या वर असला की सगळ्यात वरचं, क्लास ए चं लायसन लागतं. टेस्ट पण तसा ट्रेलर लावूनच द्यायची, मागं घेऊन दाखवायची, आणि फेब्रुवारी 2022 पासून नव्या माणसाला ठराविक ट्रेनिंग सक्तीचं. तिथंही शेतकऱ्याला सूट देता येते, शेतापासून 150 मैलांच्या आत, पण माल स्वतःचा पाहिजे, भाड्यानं वाहायचा नाही.

आमची गोम इथंच आहे. ट्रॅक्टर पासिंगला शेतीचा, पण ऊस दुसऱ्याचा, कारखान्याशी करार, मुकादमाला उचल आणि टनावर वाहतुकीचा दर. हा शुद्ध भाड्याचा धंदा झाला की.

आता कोणी म्हणेल उद्यापासून पोलिसांनी धरावं. तसलं अजिबात करू नका. ऐन हंगामात ट्रॅक्टर उभे केले तर तोडलेला ऊस फडात वाळणार, वजन घटणार आणि मार शेतकऱ्यालाच. करार उन्हाळ्यात होतात, तेव्हाच कारखान्यांनी ड्रायव्हरचं लायसन बघावं, आणि आरटीओनं कारखान्याच्या यार्डातच कॅम्प लावून भरलेल्या दोन ट्रॉल्या लावून टेस्ट घ्यावी, मागं घेणं, चढाला थांबून उचलणं, हुक-पिन तपासणं, एवढंच. पास होईल त्याला वेगळा शिक्का, नसेल त्याला एकच ट्रॉली. त्यासाठी केंद्राच्या नियमात बदल लागेल, तर आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी तेवढा विषय काढावा, ऊस तर त्यांच्याही घरचा असतो.

सोलापूर आरटीओचं यावर काय म्हणणं आहे ते तुमच्या बातमीदारानं विचारून छापावं ही विनंती. कॅम्प लागला तर मी पण येतो टेस्ट द्यायला, नापास होईन, पण येतो.

आपला,
एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर, सोलापूर